मिस्तरींचा शेरा

चिखलीहून मेहकरकडे जाताना डाव्या हाताला एक टेकडी अर्धी कापलेली दिसते. ती आमची खदान. काळा दगड फोडायचा, क्रशरमध्ये घालायचा आणि गिट्टी करून रस्त्यांच्या कामावर पाठवायची. मी तिथे फोरमन आहे. खाणकामाचा डिप्लोमा करून आधी चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत काही वर्षं काढली, मग लग्न होऊन चिखलीला आले आणि इथे लागले. माहेरी सगळे वांगी-टोमॅटोच्या शेतीतले. आई अजून लोकांना सांगते की मुलगी ऑफिसात आहे.

माझ्या कामात परवाने, रजिस्टरं, डिझेल, दुरुस्ती असं पुष्कळ येतं. पण जीव अडकतो तो एका कामात. रोज सकाळी सातला, माणसं भिंतीखाली जाण्याआधी, आज तिथे काम करायचं की नाही हे ठरवायचं आणि सही करायची. भिंत म्हणजे टेकडीचा कापलेला उभा कडा, तीन मजली घराएवढा. सुरुंग उडवला की पुढचा दगड सुटतो आणि मागच्यालाही हादरा बसतो. भेगा पडतात, त्यात पाणी मुरतं आणि एखाद्या दिवशी कोणी हात न लावता शिळा खाली येते. आमच्याकडे एक पूर्वेची भिंत आणि एक पश्चिमेची. दोन्हींखाली मिळून चौदा माणसं.

दोन वर्षांपूर्वी खदानीच्या मालकांनी, आमच्या शेठनी, भिंतीवर नजर ठेवणारी एक सिस्टम घेतली. भिंतीसमोर खांबांवर कॅमेरे बसले, मोठ्या भेगांवर सेन्सर लागले, आठवड्यातून एकदा ड्रोन फिरू लागला. पाऊस किती झाला, सुरुंगात दारू किती भरली, कुठून दगड निसटला, हे सगळं त्यात जायचं आणि सकाळी साडेसहाला टॅबलेटवर भिंतीचं चित्र यायचं. चित्रावर पट्टे. हिरवा म्हणजे काम करा. लाल म्हणजे जवळ जाऊ नका. शेठ तिला एआय म्हणायचे. कामगार 'टॅबलेटवाली' म्हणायचे, कारण ती बाईच्या आवाजात हिंदीतून बोलायची. एक बाई टॅबलेटात, एक बाई हेल्मेट घालून बाहेर, अशी चेष्टा चालायची. मी हसून सोडून द्यायची.

हिरव्याचा आणि लालचा मला त्रास नव्हता. पिवळ्याचा होता. पिवळ्या पट्ट्याखाली एकच ओळ यायची, 'निर्णय आपण घ्यावा', आणि त्याखाली शेऱ्यासाठी एक चौकट. मी मुळातच स्वस्थ बसणाऱ्यातली नाही. पिवळा दिसला की चहा हातात तसाच राहायचा. शेडमधून बाहेर, बाहेरून शेडमध्ये. माणसं हेल्मेट डोक्यावर चढवून माझ्याकडे बघत उभी. मशीनला एवढं सगळं दिसतं आणि तरी ती म्हणते मला माहीत नाही. मग मला कुठून माहीत असणार?

अशा वेळी मिस्तरी उठायचे.

मिस्तरी साठीला टेकलेले. चाळीस वर्षं दगडात गेलेली. अंगाने वाळलेले, पण हातात सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आली की खांदे वेगळेच दिसायचे. ते भिंतीजवळ जायचे, सब्बलीने दगडावर ठोके द्यायचे, थांबायचे, थोडं सरकून पुन्हा द्यायचे. भरीव दगड टणकन बोलतो. आतून सुटलेला असला तर रिकाम्या माठावर टिचकी मारल्यासारखा भद्द आवाज येतो. मी नवीन असताना त्यांनीच हे मला शिकवलं होतं. "दगड खोटं बोलत नाही बाई," ते म्हणाले होते, "फक्त त्याले इचारा लागते." ठोके झाले की तिथूनच हात वर करायचे. हात वर म्हणजे पक्का. हात आडवा म्हणजे कच्चा. त्यांचा हात वर गेला की मी हातातला चहा एका घोटात संपवायची.

सिस्टम बसवून सहा-सात महिने झाले असतील तेव्हा ती बनवणाऱ्या कंपनीच्या पुण्याच्या इंजिनिअरांचा फोन आला. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, बोलायला सरळ.

"मॅडम, तुमच्याकडे पिवळे फार येतात. त्या पट्ट्यांवर तुम्ही काय ठरवता ते रोज भरत जा. पक्का की कच्चा, एवढंच. त्यातूनच मॉडेल शिकेल. तीन-चार महिन्यांत पिवळे निम्म्यावर येतील बघा."

"मी एकटी नाही ठरवत. आमचे मिस्तरी ठोकून सांगतात."

"उत्तम की. जाणकाराचंच मत हवंय आम्हाला."

तर तेव्हापासून मी भरू लागले. मिस्तरी भिंतीशी, मी शेडपाशी टॅबलेट घेऊन. मध्ये साठ-सत्तर फुटांचं अंतर. तोवर जनरेटर सुरू झालेला असायचा, क्रशर गरम करायला फिरवलेला असायचा, त्यामुळे ठोक्यांचा आवाज माझ्यापर्यंत यायचाच नाही. त्यांचा हात दिसायचा. हात वर गेला की मी चौकटीत बोट ठेवायची. पक्का. पुढचा पट्टा. पक्का.

पिवळे खरंच कमी झाले. उन्हाळा गेला, पावसाळाही बराच गेला आणि सकाळचं चित्र हिरवंगार यायला लागलं. शेठ खूश. पाहुणे आले की टॅबलेट उघडून दाखवायचे. मीही चहा बसून प्यायला लागले. मिस्तरी हिरव्या दिवशीही सवयीने दोन-चार ठोके देऊन यायचे आणि हात वर करायचे, मीही सवयीने मान हलवायची.

दिवाळी झाल्यावर दोन दिवस अवकाळी पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी चांगलं ऊन पडलं. टॅबलेटवर पश्चिमेची भिंत हिरवी. मिस्तरी जाऊन आले, हात वर. मी सही केली.

दुपारी एकच्या सुमारास मी क्रशरपाशी गिट्टी वाहणारा बेल्ट बघत होते. आवाज आला तो सुरुंगासारखा नव्हता. भरलेली गाडी उलटावी तसा, जड आणि लांबलेला. मागोमाग धूळ. मी पळाले. पश्चिमेच्या भिंतीचा एक अख्खा पापुद्रा सुटून ड्रिल मशीनवर आला होता. मशीनचा पुढचा दांडा वाकून जमिनीला टेकला होता.

ड्रिलवाला तिथे नव्हता. पाण्याची कॅन भरायला टाकीकडे गेला होता. धुळीतून तो कॅन घेऊन चालत आला, मशीनकडे पाहिलं आणि खाली बसला. आधी हसला, मग त्याला उचक्या लागल्या. त्या थांबेनात. मी माणसं मोजली. चौदा. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजताना मोठ्याने आकडे म्हणत होते हे कोणीतरी खांद्याला हात लावल्यावर कळलं.

काम बंद केलं. शेठच्या ऑफिसला कळवलं, मग पुण्याला फोन लावला. इंजिनिअर बराच वेळ रेकॉर्ड बघत होते.

"त्या पट्ट्यावर सेन्सर नव्हता, मॅडम. कॅमेऱ्याला भेग दिसतेय, पण बारीक. आणि आतापर्यंत त्या भागाला तुम्ही एकोणीस वेळा 'पक्का' दिलंय. त्यामुळे तशी भेग तिथे धोक्याची नाही असं मॉडेल शिकलं."

तुम्ही दिलंय. माझ्या नावाने टॅबलेट उघडत होता, म्हणजे मीच दिलं होतं. मशीनला मिस्तरी माहीतच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खदानीत कोणी नव्हतं. जनरेटर बंद, क्रशर बंद. पडलेल्या जागेच्या बाजूचा भाग कसा आहे ते बघायला मी आणि मिस्तरी गेलो. कित्येक महिन्यांनी मी त्यांच्याबरोबर भिंतीच्या इतकी जवळ होते. वर लोंबणारं काही नाही हे आधी नीट पाहिलं, मग त्यांनी बाजूला उभं राहून हात लांब करून ठोका दिला.

भद्द.

मला स्वच्छ ऐकू आलं. रिकामा माठ.

"पक्का हाय," मिस्तरी म्हणाले.

मला वाटलं माझीच चूक. कालपासून डोकं ठिकाणावर नव्हतं. खूण करून म्हटलं, पुन्हा मारा. त्यांनी मारला. पुन्हा तसाच आवाज. "पक्का," ते म्हणाले आणि पुढे सरकले.

मी दहा पावलं मागे आले. ते पाठमोरे होते. नेहमीच्या आवाजात म्हटलं, "मिस्तरी, चहा घ्यायचा का?" ते वळले नाहीत. जरा मोठ्याने म्हटलं. मग त्याहून मोठ्याने. एक पारवा भिंतीवरून उडाला, पण मिस्तरी वळले नाहीत. काही वेळाने आपणहून मागे पाहिलं, मला बोलताना पाहिलं आणि मान हलवून म्हणाले, "हाव, बराबर आहे."

काय बरोबर आहे?

आम्ही शेडमध्ये आलो. मी त्यांच्या समोर बसले, तोंड त्यांच्याकडे करून.

"मिस्तरी, ऐकू येत नाही ना तुम्हाला?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. इतके दिवस ते तसंच बघत असणार आणि मला ते त्यांचं लक्ष देऊन ऐकणं वाटत होतं.

"येते. कमी येते."

"कधीपासून?"

"डावा तं लय आधी गेला. उजव्याचं... दोन-अडीच वर्सं झाले असतीन."

"मग सांगितलं काऊन नाही?" माझ्या तोंडून आपसूक त्यांचीच बोली निघाली.

"सांगून काय झालं असतं? गेटवर बसवलं असतं तुमी मले, शिटी देऊन." मग त्यांनी दोन्ही तळहात पुढे केले. "मी हातानं ऐकतो बाई. ठोका मारला की सब्बल हाताले सांगते. कच्चा असला तं हात थरथरते, पक्का असला तं झटका बसते. कानापेक्षा सच्चं आहे ते."

"काल सकाळी काय सांगितलं हाताने?"

बाहेर कुत्रं पत्र्याच्या सावलीत येऊन बसलं, ते त्याच्याकडे बघत राहिले.

"ओल्या दगडात समजत नाही बराबर," शेवटी म्हणाले. "पाणी असलं की हात फसते." आणि मग, उठता उठता, "लिहू नका बाई. मशीन चुकली म्हनून लिहा."

त्या दिवशी मी एसटीत खिडकीची जागा मिळूनही बसू शकले नाही. चिखलीच्या दोन फाटे आधीच उतरले आणि चालत घरी गेले. नवरा शाळेत शिकवतो. त्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मशीनचं नाव लिही. खोटंही नाही ते. हिरवा दाखवला होता ना तिने? कोणी काही म्हणणार नाही."

खरंच कोणी म्हटलं नसतं. शेठ कंपनीला शिव्या घालून मोकळे झाले असते. कंपनीने माफी मागून काहीतरी दुरुस्त केलं असतं. मिस्तरींची नोकरी राहिली असती, माझं सर्टिफिकेट स्वच्छ राहिलं असतं. मी स्वयंपाकघरात उभी राहून भाजी चिरली, चिरलेली भाजी पुन्हा चिरली. मला राहून राहून एकच दिसत होतं. शेडपाशी उभी असलेली मी, साठ फुटांवर वर गेलेला हात आणि चौकटीवर माझं बोट. एकोणीस वेळा. त्यातल्या एकाही ठोक्याचा आवाज मी ऐकला नव्हता. मिस्तरींना ऐकू येत नव्हतं आणि मी ऐकायला गेले नव्हते. आणि एकोणीस हा एका पट्ट्याचा आकडा. दोन्ही भिंतींवरचे इतर सगळे हिरवे पट्टे त्याच हाताने आणि त्याच बोटाने रंगवले होते. म्हणजे आता टॅबलेटवर जे काही हिरवं होतं त्यातलं किती खरं, हे ना मला माहीत होतं ना मशीनला.

सकाळी मी लिहिलं. दोन्ही भिंती बंद. आतापर्यंतचे सगळे शेरे भरवशाचे नाहीत. ते मी स्वतः न तपासता भरले, तपासणं माझं काम होतं. ज्यांच्या सांगण्यावरून भरले त्या मिस्तरींना ऐकू कमी येतं. खाली सही केली आणि शेठच्या टेबलावर ठेवलं.

शेठनी दोनदा वाचलं.

"मॅडम, हे कशाला? मशीनची चूक आहे तर कंपनीले लिहा ना."

"मशीनला आपणच शिकवलं होतं. चुकीचं शिकवलं."

"अन् पूर्वेची भिंत? तिले काय झालं? तिकडून तर काही पडलं नाही."

"पडलं नाही म्हणून पडणार नाही असं मला म्हणता येत नाही."

"रस्त्याचं काम तोंडावर आलं आहे आपलं. किती दिवस बंद?"

"माहीत नाही."

"हे काय उत्तर झालं?"

"आत्ता एवढंच खरं उत्तर आहे माझ्याकडे."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. उठून बाहेर गेले, वाकलेल्या ड्रिलजवळ जाऊन उभे राहिले. बराच वेळ ते त्या शिळेवर बुटाचं टोक घासत होते. परत आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. म्हणाले, "बंद तर बंद. पण त्या म्हाताऱ्याले काय सांगू मी?"

इंजिनिअरांनी तिकडून सगळे शेरे काढून टाकले आणि सिस्टम पुन्हा चालवली. मी टॅबलेट धरून बसले होते. चित्र यायला वेळ लागला. आलं तेव्हा पश्चिमेची भिंत जवळजवळ पूर्ण पिवळी होती, तीन ठिकाणी लाल. पूर्वेकडे एक लांबलचक लाल पट्टा, ज्याच्याखाली आमची माणसं रोज डबे सोडून जेवायला बसायची. सावली चांगली पडते म्हणून.

इंजिनिअर फोनवरच होते. मग ते म्हणाले, "खरं सांगू का, आमचीही चूक आहे. एकाच माणसाच्या मतावर शिकवायला नको होतं. दुसऱ्या कोणाकडून पडताळून घ्यायचं आम्हाला सुचायला हवं होतं."

मला त्याने हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मिस्तरी कामावर येईनासे झाले. फोन उचलत नव्हते, आणि उचलूनही काय ऐकू येणार होतं. आठवड्याने त्यांच्या बायकोचा फोन आला. मेहकरजवळच्या त्यांच्या गावाहून.

"बाई, तुमी त्याईले बुलढाण्याले नेता का कान दाखवाले? माह्यं ऐकत नाहीत ते. कानानंही नाही अन् तसंही नाही."

मी नेलं. सरकारी दवाखान्यात एका छोट्या बंद खोलीत त्यांना बसवलं, कानावर हेडफोन लावले, हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी काचेतून बघत होते. मिस्तरी भराभर बटण दाबत होते. तपासणाऱ्या ताई चकित झाल्या. इतकं बारीक ऐकू येतंय? मग त्यांच्या लक्षात आलं. त्या मशीनवर बोट ठेवत होत्या ते मिस्तरींना काचेतून दिसत होतं आणि बोट हललं की ते बटण दाबत होते. ताईंनी त्यांची खुर्ची भिंतीकडे फिरवली. त्यानंतर खूप वेळ बटण वाजलं नाही. नंतर ते कुठेही वाजू लागलं, आवाज नसतानाही. पाठमोऱ्या मिस्तरींचा अंगठा मला दिसत होता. मी काचेपासून बाजूला झाले.

डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. घाट उतरावा तशी ती खाली गेली होती. बारीक, टोकदार आवाज गेलेले. जाड आवाज थोडे शिल्लक. ड्रिल आणि सुरुंगांनी झालंय, म्हणाले. मग मोठ्याने मिस्तरींना विचारलं, "बाबा, काम करताना कानात बोळे का नाही घातले?"

"कान बंद केले असते तं दगड कसा ऐकू आला असता?" मिस्तरी म्हणाले. त्यांना प्रश्नच विचित्र वाटला होता.

परतीची एसटी धरली. चिखलीला उतरलो. त्यांची मेहकरची गाडी लागायची होती. मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"तुमी माह्यं नाव लिहिलं?"

"लिहिलं. माझंही लिहिलं."

"पयले कोणाचं?"

"माझं."

त्यांनी मान हलवली. त्यात राग होता की काय होतं, मला आजही सांगता येत नाही. पण चार दिवसांनी ते सकाळी सातला खदानीत हजर होते, सब्बल घेऊन.

"शिकवतो तुमाले," म्हणाले. "महिना देतो. मंग माह्यं काम संपलं."

शेठनी हरकत घेतली नाही. जनरेटर उशिरा सुरू करायचा असं ठरलं. पहिला अर्धा तास खदानीत फक्त ठोके. मी आणि ड्रिलवाला, दोघं शिकत होतो. त्यानेच पुढे होऊन म्हटलं होतं, मलेही शिकवा, माह्या डोक्यावर पडणार होता तो. मिस्तरींची पद्धत अशी की आधी ते माझे डोळे मिटायला लावायचे. मग सब्बल माझ्या हातात, माझ्या हातांवर त्यांचे हात, आणि ठोका.

"काय म्हनते?"

"टणटण. पक्का."

"कानानं नको सांगू माय. हातानं सांग."

पहिला आठवडा माझ्या हातांना काहीच कळलं नाही, फक्त दुखलं. नंतर हळूहळू कळायला लागलं. कच्च्या दगडात मनगटापर्यंत एक गुदगुली चढते. ती खरी होती. मिस्तरी खोटं बोलले नव्हते. आम्ही जुन्या जागा पुन्हा ठोकून पाहिल्या, मी कानाने आणि ते हाताने, आणि वेगवेगळं लिहिलं. कोरड्या दगडात आमचं बहुतेक जुळायचं. ओल्यात ते चुकायचे. आणि दोन जागा अशा निघाल्या की माझ्या कानाला पक्क्या वाटल्या, ते कच्च्या म्हणाले आणि पोकलेन लावल्यावर दगड ओंजळीतून निसटावा तसा सुटला. दोन्ही वेळा त्यांनी नुसती सब्बल दुसऱ्या हातात घेतली.

हे सगळं मी पुण्याला कळवलं. आता टॅबलेटवर दोन चौकटी येतात. दोघांनी वेगवेगळं ठोकायचं, एकमेकांना न सांगता भरायचं. न जुळलं तर तो पट्टा पिवळाच राहतो आणि कामाला बंद. दगड ओला आहे की कोरडा तेही भरावं लागतं. भिंत आम्ही मध्ये पायरी काढून बुटकी केली. पश्चिमेकडे तीन आठवड्यांनी काम सुरू झालं, पूर्वेकडे त्याहून पुष्कळ उशिरा. शेठनी रस्त्याच्या कामासाठी दुसरीकडून गिट्टी घेऊन वेळ निभावली. ते आता पाहुण्यांना टॅबलेट दाखवत नाहीत, पण काढूनही टाकला नाही. मी काढू नका म्हटलं. तो लाल पट्टा माणसांच्या डब्यांवर होता आणि तो मला दिसला नव्हता, मिस्तरींनाही दिसला नव्हता.

लोकांना वाटतं मी आता निवांत असेन. उलट आहे. पूर्वी फक्त पिवळ्याने चैन पडायचं नाही, आता हिरवाही मी सरळ घेत नाही. रविवारी घरी असले तरी साडेसहाला जाग येते आणि हात टॅबलेट शोधतो. नवरा म्हणतो, फरशी ठोकून बघू नकोस म्हणजे झालं.

मिस्तरींनी महिना संपल्यावर सब्बल मला दिली नाही. स्वतःबरोबर नेली. गेटवरचं काम शेठनी देऊ केलं, ते त्यांनी घेतलं नाही.

परवा एका कामासाठी मेहकरला गेले होते. स्टँडवर ते दिसले, बायकोबरोबर, बाजाराच्या पिशव्या घेऊन. मी समोर गेले तेव्हा ओळखून हसले. दवाखान्यातून मिळालेलं ऐकण्याचं यंत्र कानात नव्हतं. ते खिशातून काढून दाखवलं, रुमालात गुंडाळलेलं.

"घातलं की सगळंच एका दमात येते," म्हणाले. "गाड्या, पाखरं, हिचं बोलनं. कोन्तं कुठून आलं तेच समजत नाही."

बायको म्हणाली, "माह्यं बोलनं आलं की पयले काढते."

मग त्यांनी विचारलं, "नवा मिस्तरी भेटला का?"

"नाही. मीच ठोकते. ड्रिलवाला आणि मी."

"दाखवा हात."

मी पिशवी खाली ठेवली आणि हात पुढे केले. भर स्टँडवर, लोक बघत असताना, त्यांनी माझा तळहात अंगठ्याने दाबून पाहिला. घट्टे कुठे पडलेत ते पाहिलं. उजव्या हाताला करंगळीखाली पडायला हवा होता तिथे नव्हता.

"सब्बल लय आवळून धरून राह्यल्या तुमी," ते म्हणाले. "भेऊन धरता. ढिली धरा. आवळली तं ते हातापर्यंत येतच नाही."

त्यांची जीप भरली, ड्रायव्हरने आवाज दिला. त्यांना ऐकू गेला नाही, बायकोने कोपर धरून ओढलं. ते गेले. चिखलीची गाडी आली ती भरलेली होती. दांड्याला धरून मी उभी राहिले आणि घाटापर्यंत आल्यावर लक्षात आलं की दांडा मी किती घट्ट धरलाय. बोटं सैल करून पाहिली. गाडीचा हादरा मनगटात आला, आणि पुढच्या वळणावर मी पुन्हा आवळला.